फेसासकट माप

“जिच्या नावावर मेंढीचं एक शेपूट न्हाई, तिनं या कुंपनाच्या आत पाय टाकायचा न्हाई,” ग्रिगोर म्हणाला आणि त्यानं मापाची काठी माझ्यासमोर आडवी धरली.

“मी नाही आले. तोदोसिया आजी आल्यात,” मी म्हणाले आणि फोन पुढं केला.

फोनमध्ये आजीचं नाक होतं. नुसतं नाक.

“आजी, फोन जरा लांब धरा.”

“लांब धरला तर मला हा चोर दिसंल कसा?” नाक म्हणालं.

कुंपणाबाहेर उभी असलेली माणसं हसली. त्या हसण्यात माया नव्हती. रात्री पाऊस पडून गेला होता, टेकडीवरची माती बुटांना धरून बसत होती, आणि पहाटेपासून ताटकळलेल्या पन्नास माणसांना भांडायला कारणच हवं होतं.

आमच्या गावात मेच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यांच्या मेंढ्या टेकडीवर एकत्र येतात आणि सप्टेंबरपर्यंत तिथंच राहतात. पहिल्या दिवशी प्रत्येकाच्या मेंढ्यांचं दूध वेगळं काढायचं, एकाच बादलीत मोजायचं आणि लगेच मोठ्या कढईत ओतायचं. बादलीत खाचा पाडलेली काठी बुडवतात. जितक्या खाचा, तितका उन्हाळाभर चीजमध्ये वाटा. एका खाचेला बारा किलो. मालक बादलीजवळ हजर हवा. नसेल, तर मोजणारा सांगेल ते माप.

आणि मोजणारा गेली नऊ वर्षं ग्रिगोर. उन्हाळाभर मेंढ्या राखणाराही तोच.

गेल्या वर्षी आजी तापानं पडल्या होत्या. ग्रिगोरनं त्यांच्या अकरा मेंढ्यांना दोन खाचा दिल्या. त्या चोवीस किलोंत त्यांनी हिवाळा काढला, म्हणजे फेब्रुवारीपासून नुसती मामालिगा, मक्याच्या पिठाचा घट्ट लापसा, आणि कांदा. यंदा मार्चमध्ये बर्फावरून घसरून त्यांचं कमरेचं हाड मोडलं. पुन्हा दोन खाचा मिळाल्या तर मेंढ्या विकाव्या लागतील, हे त्या स्वतःच म्हणाल्या होत्या.

मी भौतिकशास्त्र शिकून क्लुज शहरातून परत आले, तेव्हा नगरपालिकेनं मला सहा महिन्यांचं काम दिलं होतं, म्हाताऱ्या माणसांना इंटरनेट शिकवायचं. वाचनालयात बारा खुर्च्या मांडल्या होत्या. पहिल्या आठवड्यात एक माणूस आला, तोही शेकायला. म्हणून मी घरोघर जाऊ लागले. तोदोसिया आजींनी मला तीनदा हाकललं. चौथ्यांदा उठून दार लावता येईना, म्हणून ऐकून घेतलं.

“हे शोधायचं,” मी म्हणाले. “काहीही विचारा.”

त्यांनी एका बोटानं विचारलं, ‘ग्रिगोर चोर आहे का’. उत्तरात दुसऱ्या जिल्ह्यातल्या ग्रिगोर नावाच्या दातांच्या डॉक्टरचा फोटो आला.

“ह्याला काय बी ठावं न्हाई,” आजी म्हणाल्या.

ईमेलचं त्यांना मुळीच पटलं नाही. पत्र जाणार आणि पोस्टमन येणार नाही, मग गावातल्या बातम्या कोण सांगणार? फोनवरचा गावाचा गट मात्र त्यांनी तासभर वाचला. हरवलेल्या कोंबड्या, कुणी कुणाचं कुंपण सरकवलं, त्यावर शिव्या.

“ह्ये तर आपलंच भांडान हाय की,” त्या म्हणाल्या. “फकस्त घसा कोरडा पडत न्हाई.”

समोरासमोर दिसणारा कॉल मी दाखवला, तेव्हा त्यांनी फोन उलटा करून मागची बाजू बघितली. मग म्हणाल्या, “म्हंजी म्या हितं आन् तितं बी?”

“हो.”

“मंग मला टेकडीवर ने.”

तर अशी मी त्यांना घेऊन गेले होते.

“फोन म्हंजी मालक न्हवं,” ग्रिगोरचा मेहुणा ओनूत्स म्हणाला. “उद्या कुनी फोटू आनंल, परवा टोपी आनंल.”

“तुझ्या टोपीत तुझ्यापरीस जास्त अक्कल हाय, तीच धाड,” फोन म्हणाला.

या वेळी लोक खरंच हसले. रोझालिया म्हणून एक बाई आहे, तिच्या पंचवीस मेंढ्या, त्यामुळं तिचं कुणी टाळत नाही. ती म्हणाली, “बोलतीया न्हवं? मंग हाय ती. येऊ दे आत. पोरीनं तोंड उघडलं तर भाईर काढू.”

मी आत गेले. बादलीजवळ मोजणारा, दूध ओतणारा ओनूत्स आणि मालक, एवढेच उभे राहतात. बाकीचे वीस पावलं लांब. पहिली बादली ग्रिगोरची स्वतःची होती, चौदा मेंढ्यांची. काठी बादलीतून वर येत असताना मी फोन तिच्यावर धरला आणि तेवढ्यात चित्र थांबलं. टेकडीवर नेटवर्कची एकच रेघ येते, तीही वाऱ्याच्या मर्जीनं. मी फोन उजवीकडं नेला, डावीकडं नेला, डोक्यावर धरला. मी फोनकडं बघत होते, बादलीकडं नाही.

“सात!” ग्रिगोर ओरडला. हिशेबाच्या दांडीवर चाकूनं सात खुणा पाडल्या, ओनूत्सनं दूध कढईत ओतलं.

“आजी, चित्र थांबलंय का?” मी फोनला ओठ लावून पुटपुटले. त्यांचा चेहराही पडद्यावर तोंड उघडं ठेवून थिजला होता.

“म्हातारी गोठली!” ओनूत्स म्हणाला. “हिवाळ्यात ऱ्हायलं ते आता झालं.”

दुसरी बादली आजींची. ती भरून ठेवून ग्रिगोर निवांत सिगारेट ओढत बसला. नियमच आहे, फेस बसल्यावर काठी. फेस पुरता बसला, तसा तो उठला. फोनमधल्या थिजलेल्या चेहऱ्याकडं त्यानं वाकून नीट बघितलं आणि काठी बुडवून काढली.

“तीन.”

“ठक वाजलं न्हाई,” चेहरा म्हणाला. ओठ हलले नाहीत.

ग्रिगोर एक पाऊल मागं सरला. ओनूत्सनं छातीवर क्रूस काढला.

“काठी तळाला टेकली की ठक वाजतं,” आजींचा आवाज आला. “साठ वरसं ऐकतीया म्या. तू ती वरच्या वर धरलीस. पुन्यांदा बुडीव.”

“तुला दिसतंय काय, आंधळे?”

“दिसत न्हाई. ऐकू येतंय.”

हे समजायला सोपं आहे. हलत्या चित्राला जास्त जागा लागते, आवाजाला फार थोडी. रेघ एकच असली तर चित्र अडकतं आणि आवाज निसटून जातो. पण मला तोंड उघडायची बंदी होती.

“ठक वाजीव की, ग्रिगोर,” रोझालिया लांबून म्हणाली. “तुझ्या बाचं काय जातंय?”

ठक वाजलं. चार.

“घे चार!” ग्रिगोर थुंकला. “चार घे आन् मर!”

“मरन की. पर तुझं सात कुटनं आलं?”

“चौदा मेंढ्यांचं आलं!”

“माज्या अकरांचं चार, मंग तुझ्या चौदांचं पाच व्हायला पायजे. सात कसं?”

मी मनात भागाकार केला. पाच पूर्णांक एक दशांश.

“दूध कढईत गेलं,” ग्रिगोर म्हणाला. “आता हुडीक जा.”

फोनमधून नुसती खरखर आली. मला वाटलं, कॉल तुटला. ग्रिगोरलाही तसंच वाटलं असावं, कारण त्यानं पुढची बादली मागवली.

तेवढ्यात रोझालियाच्या एप्रनमध्ये टिंग वाजलं. मग ओनूत्सच्या खिशात. मग कुंपणाशी, झाडाखाली, गाडीत, एकामागून एक, पन्नास माणसांच्या अंगावर टिंग टिंग होत गेलं. शेवटी ग्रिगोरच्या कोटातही.

गावाच्या गटात आजींनी फोटो टाकला होता. त्यांच्याकडं चित्र जिथं थांबलं होतं, तोच क्षण. पडद्यावर दिसतंय ते तसंच जपून ठेवायला कोणती दोन बटणं दाबायची, हे मीच त्यांना तिसऱ्या दिवशी शिकवलं होतं. काठी बादलीतून वर आलेली. पाचव्या खाचेपर्यंत दुधानं ओली, त्याच्यावर दोन खाचा फेसाचा पांढरा थर, आणि ग्रिगोरचा अंगठा सातवीवर. खाली आजींनी लिहिलं होतं, ‘फेस कुनी खानार?’

सगळे मान खाली घालून बघत होते. त्या दोन खाचा, म्हणजे चोवीस किलो, प्रत्येकाच्या चीजमधून जाणार होत्या.

“नऊ वरसं,” रोझालिया हळूच म्हणाली. मग मोठ्यानं, “खरवड! दोन खुणा खरवड! आमच्या म्होरं!”

“ही पोरगी ते यंतर घिऊन आली म्हनून...”

“खरवड!”

लोक कुंपणाच्या आत आले. ज्यांच्या नावावर शेपूट नाही तेही आले. ग्रिगोरनं चाकू काढला, तेव्हा क्षणभर मला भीती वाटली. पण त्यानं दांडीच धरली आणि दोन खुणा खरवडल्या. लाकडाची भुकटी त्याच्या बुटावर पडली. मग फोन काढून तो जाड बोटांनी काहीतरी दाबत राहिला.

पुन्हा सगळ्यांचे फोन वाजले. ‘ग्रिगोर गटातून बाहेर पडला.’

सगळ्यांनी ते वाचलं आणि मान वर करून त्याच्याकडं बघितलं. तो आमच्या मधोमध उभा होता. हातात काठी, पायाशी बादली, आणि भोवती सप्टेंबरपर्यंत त्यालाच राखायच्या असलेल्या चारशे मेंढ्या.

“कुटं गेला म्हनं त्यो?” फोनमधून आजींनी विचारलं.

“कुठं नाही, आजी,” मी म्हणाले. आता मला कुणी अडवलं नाही. “इथंच उभा आहे.”

“मंग म्होरची बादली घे म्हनावं. ठक वाजाया पायजे.”