रोडाला दिलेलं उत्तर

"फोन इथे ठेव. आणि ती पिशवी उघड."

तामारमावशीने प्रार्थनाघराच्या दारातच हात आडवा धरला होता. फिलाडेल्फियाहून आलेल्या जेनीव्हाने मुकाट्याने फोन खिडकीत ठेवला, पिशवी उघडून दाखवली. आत रुमाल, पाण्याची बाटली आणि बोटीची तिकिटं. मावशीने पिशवीच्या तळालासुद्धा हात घातला.

अमेरिकेतल्या जॉर्जियाच्या किनाऱ्यावरचं, गुलामांच्या वंशजांचं हे बेट. दुधाने तोंड पोळल्यावर ताकही फुंकून पिणारंच. गेल्या साली एक गोडबोल्या आला, 'मी तुमच्यातलाच' म्हणाला, घरोघरी भात नि खेकडे चापले, फोनवर चोरून गाणं टिपलं, आणि उन्हाळ्यात यांचंच गाणं एका हॉटेलच्या जाहिरातीत वाजलं. त्यात ही रोडाची नात. रोडा म्हणजे, बेट सोडून जाण्याआधी बंगल्यावर स्वयंपाक करायची ती. बंगला कुणाचा, तर बेटाच्या जमिनी गिळणाऱ्याचा!

"आजीची शवपेटी आणलीय खरी," झाडूच्या दांड्याने ताल धरणारा म्हातारा इझ्रा कुजबुजला, "पण हिच्या पोटात काय आहे कुणास ठाऊक."

मधोमध रोडाची शवपेटी होती. भिंतीलगत बेटावरच्या बाया हाताची घडी घालून उभ्या होत्या.

"आजीभोवती रिंगण धरा, तिचं गाणं म्हणा," जेनीव्हा म्हणाली. "मरताना तिने तेवढंच मागितलं, मावशी."

"मागायला काय जातंय! तुला येतं का?"

"आजीने शिकवलंय."

"बघू तर."

तामारने इझ्राला खूण केली. या गाण्यातल्या हाकेला गुलामीच्या काळापासून दोन उत्तरं होती. एक मुकादमाच्या कानांसाठी, एक आपलं. बाप्तिस्मा झाला की थोरली बाई आपलं उत्तर कानात सांगायची. परक्यासमोर ते कुणी ओठांवर आणत नसे.

दांडा फळ्यांवर आपटू लागला. तामारने हाक दिली,

"पाण्यापलीकडून कोण बोलावतं?"

"मालक बोलावतो, बाई, निघाले मी," जेनीव्हा पेटीभोवती फिरत गायली.

इझ्रा खुदकन हसला. "घ्या! मुकादमाचं उत्तर. उपरी आहे, सांगत नव्हतो?"

तामार हसली नाही. ती पोरीचे पाय बघत होती. पाय उचलले जात नव्हते, घासत सरकत होते, आणि पायावरून पाय एकदाही गेला नाही. पायावरून पाय गेला की तो नाच, आणि देवाच्या घरात नाच चालत नाही. टाळीसुद्धा दांड्यामागून किंचित उशिरा, बेटावर पडते तशीच. हे जाहिरात बघून येत नाही.

"आजी हे कधी म्हणायची?"

"आजोबांना पुरलं तेव्हा. पोलिसांनी माझ्या आईला सोडलं, त्या दिवशी तर भर अंगणात. मला तो 'मालक' टोचायचा. ती म्हणायची, शब्द कुणाचे का असेनात, पाय माझे आहेत. हे आपल्या सुटकेचं गाणं आहे. छाती ठोकून म्हणायची."

तामार बाकावर बसली. तिला लाज वाटली, मान वर करवेना. बाप्तिस्म्यानंतरही रोडाच्या कानात आपलं उत्तर सांगायचं नाही, ती रिंगणात आली की सगळ्यांनी मुकादमाचं उत्तर गायचं, हे तामारच्या आईने ठरवलं होतं. रोडा बंगल्यावर कागाळ्या करते म्हणे. करताना कुणी पाहिलं नव्हतं. तरणीताठी तामारही तेव्हा रोडाच्या खांद्याला खांदा लावून तेच उत्तर गायची.

ती उठली. "इझ्रा, धर ताल."

"तामार, अगं ही परकी..."

"धर म्हणते ना!"

तिने पुन्हा हाक दिली, आणि या वेळी उत्तरही स्वतःच दिलं.

"माझी आई बोलावते, बाई, निघाले मी."

भिंतीकडच्या बायांनी चमकून एकमेकींकडे पाहिलं. जेनीव्हाचे पाय थांबले.

"आजी असं म्हणत नव्हती."

"तिला कुणी सांगितलंच नव्हतं."

"का?"

"आमचा भरवसा नव्हता तिच्यावर."

दांडा थांबला. जेनीव्हा पेटीपाशी गेली, गुडघे टेकले, झाकणाला तोंड लावलं आणि ते उत्तर आजीला सांगितलं. मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून. शेवटी शेवटी रोडाला ऐकू कमी यायचं.