हॅस्कमांच्या जागेत

आमच्याकडे अमेरिकेतल्या मेन राज्यात हिवाळ्यात गेलेल्या माणसाला लगेच पुरता येत नाही. जमीन दगडासारखी गोठलेली असते. पेटी कब्रस्तानातल्या कोठीत ठेवतात आणि मे महिन्यात खड्डा खणतात. माझी बायको लुसियेन फेब्रुवारीत गेली, तेव्हापासून ती त्या कोठीत आहे. कोठीच्या दारावर हॅस्कम घराण्याचं नाव आहे. गावात ते कशावर नाही? कागदाची गिरणी त्यांची, दवाखाना आणि वाचनालय त्यांनी बांधलेलं. थोरले हॅस्कम गव्हर्नर होते. आता नातू वॉरन सेनेटच्या निवडणुकीला उभा आहे.

लुसियेनने छत्तीस वर्षं त्यांच्याकडे काम केलं, वॉरनला वाढवलं. मी त्यांची बाग बघतो. राहतो ते घरही त्यांचंच. ती गेली त्या आठवड्यात वॉरन म्हणाला, "एमिल, तिला आमच्या माणसांत ठेवू. आमच्या जागेत." मी हो म्हणालो. तेव्हा कुणी काहीही विचारलं असतं तरी मी हो म्हणालो असतो.

काल तो मला ती जागा दाखवायला घेऊन गेला. खड्डे खणणारा आर्मां दोरी लावून माप घेत होता. हॅस्कमांची जागा उन्हाच्या उतारावर आहे, तिथली जमीन सगळ्यांत आधी मोकळी होते. दगडही आणून ठेवला होता. त्यावर कोरलं होतं, 'आमची लूसी'.

"तिचं नाव लुसियेन," मी म्हणालो.

"आम्ही सगळे लूसीच म्हणायचो की! हे बघ, शनिवारी दहा वाजता. मी चार शब्द बोलेन. फोटोवाले लांबच उभे राहतील. तू फक्त तो निळा कोट घाल."

"आणि मी?" आर्मां म्हणाला. "खड्ड्यात लपू का?"

वॉरन हसला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुम्हाला मूल नव्हतं. मीच तिचा मुलगा, नाही का?"

त्याला खरंच माहीत नव्हतं.

"आम्हाला मुलगी होती. ओडिल," मी म्हणालो. "चार वर्षांची. गोवराने गेली. त्याच आठवड्यात तुलाही गोवर होता. तुझ्या आईने लुसियेनला घरी सोडलं नाही. ती तुझ्या उशाशी होती."

"मला कुणी सांगितलं नाही."

"लुसियेन सांगू देत नव्हती. म्हणायची, त्या पोराचा काय दोष?"

"कुठे आहे ती?"

"वर, पाईनच्या झाडांखाली."

"मग तिलाही इथे आणू," तो म्हणाला. "शनिवारपर्यंत होईल. मी बघतो सगळं."

तो मनापासून बोलत होता. मलाच ऐकवेना.

"नको. लुसियेन वर जाईल."

"एमिल, लोकांना बोलावून झालंय."

"मग त्यांना कॉफी पाज."

त्याचा चेहरा त्याच्या वडिलांसारखा कठोर झाला. "नीट विचार कर," एवढंच म्हणून तो गाडीत बसला. दुसऱ्याच्या घरात राहणाऱ्याला त्याचा अर्थ कळतो.

आर्मांने दोरी गुंडाळली. "म्हाताऱ्या, वरची जमीन अजून हातभर गोठलीय. तिथे ऊन पोचत नाही."

"मग?"

"कोळसे पेटवायचे, वर पत्रा टाकायचा, आणि बसून राहायचं."

आज सकाळपासून आम्ही दोघं ओडिलच्या शेजारी बसून आहोत. दुपारी आर्मांने पत्रा सरकवून पहार मारली. चार बोटं आत गेली.

"अजून कोळसे आण," तो म्हणाला.

मी उठलो.