सर्वांत शांत वर्गाची फिरती ढाल

मी ढाल बोलतेय. लढाईतली नव्हे हो, तेवढं कुठलं माझं भाग्य. मी शाळेतली फिरती ढाल. अंग सागवानी, मधोमध पितळी पत्रा, आणि पत्र्यावर कोरलंय, ‘सर्वांत शांत वर्ग’. दर शनिवारी मला एका वर्गाच्या दारावरून उतरवतात आणि दुसऱ्या वर्गाच्या दारावर टांगतात. येणारे-जाणारे माझ्याकडे कौतुकानं बघतात. मला त्या कौतुकाचा अगदी वीट आलाय.

ज्या सुतारानं मला घडवलं तो भारी बडबड्या. रंधा मारता मारता माझ्याशीच गप्पा मारायचा, मध्येच गाणं म्हणायचा, चुकलं की स्वतःलाच शिव्या घालायचा. मला वक्तृत्व स्पर्धेसाठी मागवलं होतं. दोन-तीन वर्षं मी त्या स्पर्धेत मिरवलेही. पोरं धीटपणे बोलायची, टाळ्या घ्यायची, मला डोक्यावर घेऊन मैदानभर पळायची. मग नवे मुख्याध्यापक आले. सगळे त्यांना मोठे सर म्हणतात. आल्या आल्या त्यांनी स्पर्धा बंद केली, माझा पत्रा उलटा करून घेतला आणि कोऱ्या बाजूवर नवी अक्षरं कोरून घेतली. खर्च वाचला म्हणून खूश झाले वर.

मोठे सर रबरी तळव्याचे बूट घालतात. व्हरांड्यातून चालले तर कुणाला पत्ता लागत नाही. एकेका दाराशी थांबायचं, कान लावायचा, पुढं जायचं. ज्या वर्गातून कमीत कमी आवाज, त्या वर्गाला शनिवारी मी. पालक आले की छाती फुगवून सांगतात, “आमच्याकडे टाचणी पडली तरी ऐकू येते.” पालकही माना डोलावतात. अहो, टाचणी पडलेली ऐकायला पोरं शाळेत पाठवता का तुम्ही?

मी ज्या दारावर गेले त्या वर्गाचं वाटोळं झालं, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. सोमवारी मॉनिटर फळ्याच्या कोपऱ्यात बोलणाऱ्यांची नावं लिहायला लागतो. बुधवारपर्यंत एका बाकावरचे जिवलग एकमेकांच्या चहाड्या करतात. आठवीत एका मुलाला मळमळत होतं. ‘सर, बाहेर जाऊ का’ एवढंही तो बोलला नाही, कारण ढाल गेली असती. शेवटी तिथंच ओकला. तर पोरं त्याच्यावरच चिडली, कारण ओकण्याचा आवाज झाला. वर्गावरचे सर काय म्हणाले? खाली मान घालून लिहा म्हणाले. ह्याला हे लोक शिस्त म्हणतात. माझ्या लाकडाला कीड का लागत नाही कळत नाही.

मी बहुतेक वेळा सातवीच्या दारावर असते. शेजारीच सहावीचं दार, मध्ये हातभर भिंत. गेल्या वर्षी सहावीला नव्या बाई आल्या. तात्पुरत्या नेमणुकीवरच्या. पहिल्याच आठवड्यात त्या वर्गातून असा गलका यायला लागला, की मी खिळ्यावर हलले. बाई फळ्यावर काहीतरी लिहायच्या आणि विचारायच्या, “हे खरं कशावरून?” झालं, पोरं तुटून पडायची. एक म्हणायचा असं, दुसरी म्हणायची तसं, कुणी बाकावर चढून दाखवायचं. बाई मध्येच हसायच्या, मध्येच रागवायच्या, पण गप्प बसा म्हणायच्या नाहीत. खरं सांगते, मला त्या भिंतीचा राग यायचा. त्या बाजूला का नाही टांगत मला, असं वाटायचं. पण त्या बाजूला मी जाणार कशी?

त्या वर्गात एक मुलगी होती. तिला सगळे गाडी म्हणायचे. बोलताना पहिल्याच अक्षरावर ती अडकायची. पाचवीत असताना मोठ्या सरांनी तिला धडा वाचायला उभं केलं, ती अडकली, तेव्हा सर म्हणाले, “गाडी काही फलाटावरून हलत नाही.” वर्ग खो खो हसला. त्या दिवशी मी पाचवीच्या दारावर होते. शांत वर्गाला हसायची परवानगी होती म्हणायची, कारण विनोद सरांचा होता. तेव्हापासून ती मुलगी बोलायचीच बंद झाली. प्रगतिपत्रकात शेरा आला, ‘वर्तन अत्यंत चांगले.’ हात झडो तो शेरा लिहिणाऱ्याचा.

नव्या बाईंनी तिला जबरदस्तीनं बोलायला लावलं नाही. तिच्याकडे प्रश्न यायचा, ती अडकायची, आणि बाई नुसत्या थांबायच्या. कुणी मध्येच वाक्य पुरं करायला गेलं तर बाई त्याला म्हणायच्या, तिचं वाक्य आहे, तिला करू दे. आधी एक शब्द आला, मग दोन, आणि हिवाळा येईपर्यंत ती हात वर करून प्रश्न विचारायला लागली. आवाजाचा धडा चालू होता तेव्हा तिनं विचारलं, आवाज भिंतीतून पलीकडे जातो, मग उजेड का जात नाही? विचारायला तिला बराच वेळ लागला. पण वर्गात कुणी हललं नाही. मग त्या प्रश्नावर तासभर जी काही हाणामारी झाली म्हणता! माझ्या दाराच्या आतली सातवी तोंडावर बोट ठेवून ते ऐकत बसली होती.

आणि अर्थातच रबरी बूट तिथं होते. मोठ्या सरांनी बाईंना बाहेर बोलावलं, नेमकं माझ्यापुढं. तुमच्या वर्गाला अजून एकदाही ढाल मिळाली नाही, म्हणाले. मुलं तुम्हाला जुमानत नाहीत. सत्र संपेपर्यंत ढाल तुमच्या दारावर दिसली नाही, तर नेमणूक पुढं वाढवणार नाही. बाई एवढंच म्हणाल्या, “सर, ती मुलगी बोलायला लागलीय.” सर म्हणाले, “तेच तर सांगतोय.”

सहावीचं दार अर्धवट उघडं होतं. पहिल्या बाकावरच्यांनी सगळं ऐकलं.

दुसऱ्या दिवसापासून सहावीतून आवाज बंद. मला वाटलं, सुट्टीबिट्टी आहे की काय. बाई विचारायच्या, हे खरं कशावरून, तर कुणी तोंड उघडायचं नाही. बाईंनी मुद्दाम फळ्यावर चुकीचं गणित केलं, पोरांनी ते चुकीचं गणित तसंच उतरवून घेतलं. बरं वाटत नाहीये का, माझं काही चुकलं का, बाई सारखं विचारत होत्या. त्यांचा आवाज पडायला लागला होता. पोरं वेडी हो. बाई राहाव्यात म्हणून ती जीव मुठीत धरून गप्प बसली होती, आणि बाईंना वाटत होतं आपला सगळा खटाटोप मातीत गेला. तोंडानं सांगावं तर ढाल जाईल. गाडीनं तर हात वर करायचंही सोडलं. आधीच तिला शब्द जड, त्यात आता तो गिळायचा.

शनिवारी मोठे सर मला स्वतःच्या हातांनी घेऊन सहावीत गेले. “शाब्बास,” म्हणाले, “बघा बाई, मनावर घेतलं की होतं.” शिपाई खिळा ठोकायला पुढं झाला. बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग वर्गाकडे. म्हणाल्या, “ही तुम्हाला कशी मिळाली, कुणी सांगेल मला?”

मॉनिटरनं मान खाली घातली. मग गाडी उभी राहिली. बाकाची कड घट्ट धरली तिनं. पहिलं अक्षर काही सुटेना. मोठे सर हातानं खूण करून म्हणाले, “बस, बस.” ती बसली नाही.

“तु… तुम्ही राहावं म्हणून,” ती म्हणाली. “आम्ही बो… बोललो नाही.”

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी मला सरांच्या हातातून घेतलं, क्षणभर धरलं आणि परत सरांच्या हातात दिलं. म्हणाल्या, “सर, ही दुसऱ्या वर्गाला द्या.” सर म्हणाले, विचार करा बाई. बाई म्हणाल्या, केला. मग त्या वर्गाकडे वळल्या आणि म्हणाल्या, “इतक्या दिवसांचं कुणाकुणाचं काय राहिलंय?”

एकदम वीस हात वर झाले. काय गोंधळ, काय आरडाओरडा! सरांनी मला काखेत मारलं आणि दार आपटून बाहेर पडले. आयुष्यात पहिल्यांदा एका वर्गानं मला नको म्हटलं. मला इतका आनंद झाला की विचारू नका. शिपाईसुद्धा खिळा खिशात टाकताना हसला.

सत्र संपलं, बाई गेल्या. कुठं गेल्या कुणी सांगितलं नाही. त्यांच्या जागी जे आले त्यांना सहावीसाठी मी मिळाले, पहिल्याच शनिवारी.

आता मी परत सातवीच्या दारावर आहे. ती मुलगीही सातवीत आलीय, आणि सातवीला भाषा शिकवतात स्वतः मोठे सर. त्यांना मधे प्रश्न विचारलेला चालत नाही. ती विचारते. अडकते, पण विचारते. मग एक दिवसाआड तिला दाराबाहेर उभं करतात, अगदी माझ्याखाली. वर ‘सर्वांत शांत वर्ग’, खाली ही. व्हरांड्यातून शिक्षक जातात, कारकून जातो, कुणाचे आई-वडील जातात. एकूणएक जण तिला तेच विचारतो, “काय गं, काय केलंस?” ती सांगायला जाते, पहिलं अक्षर अडकतं, तोवर माणूस जिन्याशी पोचलेला असतो.

मला तोंड असतं ना, तर मी तिला विचारलं असतं, “काय विचारलंस?” आणि तिचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबले असते. मला खिळ्यावरून कुठं जायचंय? पण तुम्हाला तर तोंड आहे. कधी त्या व्हरांड्यातून गेलात, तर एवढं विचारा तिला. आणि मग थांबा.