त्याचं बोलावणं

"गोकुळे, दिवा पाळीवर ठेवजो, घरात नाई. अंधारात आमाले काठ गवसला पायजे."

नवऱ्याचा, मनसारामचा हा आवाज गोकुळाच्या कानात अजून तसाच होता. त्याला जाऊन तीन वर्षं झाली, तरी दिवेलागणीला तलावाच्या पाळीवरचा, त्या मातीच्या बांधावरचा, तिचा दिवा चुकला नव्हता. जाळी घेऊन परतणारे ढीवर लांबूनच त्या उजेडावर डोंगा वळवत. आणि तो गेला त्या दिवसापासून तिनं मासोळी खाणं सोडलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं. देवापुढं हात जोडून तिचं तिनंच ठरवलं होतं.

पंचावन्न सालच्या हिवाळ्यात मात्र पाळ चढताना तिला दम लागू लागला. डोळ्यांपुढं अंधारी येई. दिवा पदराआड धरून ती अर्ध्यावरच बसे. कुणाला बोलली नाही, कारण मनातून तिला बरंच वाटत होतं. मनसाराम बोलावतोय, असं तिनं धरून ठेवलं होतं. पाय जड झाले की वाटे, आता फार लांब नाही.

एका सांजेला ती पाळीच्या पायथ्याशीच कोसळली. दुसऱ्या दिवशी नणंद सुगंधाबाईनं तिला बैलबंडीत घालून नागभीडच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं पापणी खाली ओढून पाहिली, पांढरी पडलेली नखं पाहिली.

"अंगात रक्तच नाही, बाई. म्हातारपण म्हणून सोडून देऊ नका. गोळ्या देतो, पण मासे खा, पालेभाजी खा."

परतताना गोकुळानं गोळ्यांची पुडी पदराच्या गाठीत बांधली. डॉक्टरनं मनसारामला पुन्हा एकदा दूर नेलं होतं.

"काऊन वो वहिनी, तोंड शिवलं काय?"

"बाई, मले वाटे तुया भाऊ बोलावून राह्यला. अन हे त नुसतं रक्त निघालं."

सुगंधाबाई हसली, मग तिनं डोळे पुसले. "तुले बोलावते थो? जिता होता तवा जेवाले हाका मारे, तरी तू आयकत नोती! त्यानं दिवा लावाले सांगतला. मासोळी सोडाले कुठी सांगतलं? काल दिवा नोता, त सोमाजीभाऊचा डोंगा बुडाल्या झाडाले आदळला. खांदा सुजला त्याचा."

गोकुळा दचकली. "मले काऊन नाई सांगतलं?"

"आयकाची ताकद होती काय तुयात?"

धानाच्या बांध्या मागं पडत गेल्या. गोकुळा म्हणाली, "मासोळीचा वास आला का थो चुलीपाशी बसलेला दिसते. काटे काढून माया ताटात टाकत होता. एकटीनं कशी गिळू?"

"एकटीनं काऊन? उद्या माया घरी ये. मी बसतो संगं. शब्द दे."

गोकुळानं तिच्या हातावर हात ठेवला.

सकाळी तिनं तुळशीला पाणी घातलं, देवापुढं डोकं टेकलं. सोडलेलं पुन्हा धरायचं म्हणून देवाची क्षमा मागितली. मनसारामला मात्र एवढंच म्हणाली, "थोडा थांबजो."

मग दार ओढून घेतलं आणि कुडाच्या भिंतीला हात लावत, हळूहळू, नणंदेच्या घराकडं निघाली.