इंद्रजितचा बोर्ड

घरचा कॉम्प्युटर जुळवायला आलेलं गिऱ्हाईक आधी कॅबिनेटवरचे लाल-निळे दिवे बघतं, मग प्रोसेसरचं नाव विचारतं, आणि मदरबोर्डची पाळी आली की म्हणतं, "कुठलाबी टाका." या दोन शब्दांवर माझं डोकं फिरतं. अहो, बाकी सगळं ज्याच्यावर बसणार, तो कुठलाही कसा चालेल? विट्यात सतरा वर्षं दुकान चालवतोय. हे भाषण मला तोंडपाठ आहे आणि आता गिऱ्हाइकांनाही झालंय.

इंद्रजित मात्र तसं म्हणाला नव्हता. आटपाडीकडच्या मेंढपाळाच्या घरातला सव्वीस वर्षांचा पोरगा, साताऱ्यात एमआयडीसीत नोकरीला. आईच्या ओव्या रेकॉर्ड करायला त्याला घरी कॉम्प्युटर हवा होता. एका बोर्डावरून तो तीन रविवार माझ्याशी भांडला. त्याला साधा हवा होता. मला त्याच्या गळ्यात कुलपाची चिप असलेला मारायचा होता.

"या बोर्डानं डिस्कला कुलूप लावता येतं," मी म्हणालो. "किल्ली बोर्डावरच्या चिपमध्ये राहते. याच बोर्डावर डिस्क आपोआप उघडते, कुणी काढून नेली तरी दुसरीकडं उघडायची नाही."

"आमच्यात चोर आला तर मेंढरं नेईल, ओव्या कशाला न्हेतोय?"

हसला, पण शेवटी माझाच बोर्ड घेतला. माझं खरं झालं म्हणून मी दिवसभर खुशीत होतो.

एप्रिलमध्ये मोटरसायकलवरून घरी येताना मायणीच्या अलीकडं त्याला ट्रकनं उडवलं. जागीच गेला. खिशातल्या मोबाइलचाही चुरा झाला.

तीन महिन्यांनी त्याचे वडील नानासो आणि आई बयाबाई दुकानात आले. कॉम्प्युटर घोंगड्यात गुंडाळून आणला होता.

"लाइट गेली न् आली," नानासो म्हणाले. "तवापास्नं सुरूच होत न्हाई."

मी उघडून बघितला. डिस्क धड होती, बोर्ड गेला होता. एका कडेला करपल्याचा डागही दिसत होता.

बयाबाई स्टुलावर बसली होती. म्हणाली, "त्यात त्यो बोलतोय रं. म्या ओवी म्हनायची, मधी चुकली की त्यो म्हनायचा, आये, नीट म्हन. तेवढं ऐकीव, लेकरा. मला त्येचा आवाजच आठवंना झालाय."

मी म्हणालो, "मावशी, काळजी सोडा. डिस्क चांगली आहे. बोर्ड बदलला की झालं."

डिस्कला कुलूप लावलं होतं का, हे तेव्हाच विचारायला हवं होतं. कुलूपवाला बोर्ड मीच विकला होता, मीच विसरावं? पण माझं डोकं तोवर नव्या बोर्डात शिरलं होतं. जुन्या प्रोसेसरला कुठला बसेल, रॅमच्या खाचा किती, पुण्याला माल असेल का. तेवढ्यात नानासो म्हणाले, "कुठलाबी टाका, पर लवकर टाका." आणि मी, पोरगा गमावलेल्या त्या माणसाला, माझं सगळं भाषण ऐकवलं. आज त्याची लाज वाटते.

जुना बोर्ड मी पिशवीत घालून नानासोंच्या हातात दिला. तो माझ्या दुकानाचा नियम आहे. आमच्या भागातली निम्मी घरं गलाईची, म्हणजे देशभर जाऊन सोनं-चांदी गाळणारी. बोर्डाच्या पिनांवर सोन्याचा मुलामा असतो हे इथं लहान पोरालाही माहीत. दुकानवाल्या अवधूतनं सोनं ठेवून घेतलं, असं उद्या माझ्याबद्दल कुणी म्हणायला नको.

नवा बोर्ड यायला आठ दिवस लागले. बसवला, बटण दाबलं. पडदा निळा झाला आणि त्यानं कुलूप लावताना मिळते ती अठ्ठेचाळीस आकडी राखीव किल्ली मागितली.

मी खुर्चीत बसूनच राहिलो. इंद्रजितनं माझं ऐकलं होतं. कुलूप लावलं होतं.

नानासोंना फोन केला. असले आकडे लिहिलेला कागद घरात कुठंच नव्हता. असतील तर चुरा झालेल्या त्या मोबाइलमध्ये असणार. मग सांगलीत बोर्डाची बारीक दुरुस्ती करणारा एक जण आहे, त्याला विचारलं. तो म्हणाला, "करपलेला भाग विजेचा असणार. कुलपाची चिप लांब असते, ती शाबूत असेल. मी बोर्ड एकदा चालू करून देतो. तेवढ्यात तुम्ही कुलूप काढून घ्या." मला एवढं हायसं वाटलं की पुन्हा फोन लावून नानासोंवर ओरडलोच, "तो जुना बोर्ड घेऊन या, आजच्या आज!"

ते एवढंच म्हणाले, "येतो."

तिघं आले. बरोबर बयाबाईचा थोरला भाऊ नाथाजी होता. तो तीस वर्षं तमिळनाडूत गलाईचं दुकान चालवतो, भाच्याच्या टाकासाठी गावी आला होता. गेलेल्या माणसाचा टाक, म्हणजे छोटी प्रतिमा, चांदीच्या पत्र्यावर उठवायची आणि ती देव्हाऱ्यात बसवायची, ही त्यांच्या घरची रीत.

बयाबाईनं कनवटीची पुरचुंडी सोडून टाक टेबलावर ठेवला. घोड्यावर बसलेला माणूस, आणि त्याच्या फेट्यावर मोहरीएवढा सोन्याचा थेंब.

"त्या बोर्डातलं सोनं हाय," नाथाजी म्हणाला. "आमचा धंदाच हाय न्हवं. म्हटलं, पोराच्या वस्तूतलं सोनं भंगारात कशाला जाऊ द्यायचं? त्येच्याच टाकाला लावलं."

"आणि बाकीचा बोर्ड?"

"पिना ॲसिडात घातल्या. ऱ्हायलेलं चिपांसकट भट्टीत गेलं. कायबी वाया घालवलं न्हाई."

काम चोख झाल्यावर माणूस बोलतो तसा तो बोलत होता. आणि काम खरंच चोख होतं.

खोटं बोलावं असं माझ्या मनात आलं. डिस्कच जळाली म्हटलं असतं तर तिघंही सुटले असते. पण बयाबाई पडद्याकडं बघत होती. "आता ऐकू येतंय का रं?" तिनं विचारलं, आणि मला खोटं बोलता येईना. सांगून टाकलं. डिस्कला कुलूप आहे, किल्ली त्या बोर्डात होती. आता ते मला काय, पुण्यातही कुणाला उघडायचं नाही.

नाथाजी उठला आणि दुकानाच्या पायरीवर जाऊन बसला.

बयाबाईनं टाक उचलला आणि उघड्या कॅबिनेटपाशी धरला. "मग ह्यो लाव की. त्यातलंच हाय न्हवं ह्ये?"

"मावशी, किल्ली सोन्यात नव्हती. बारक्या चिपमध्ये होती. ती भट्टीत गेली."

"मग बोर्ड हातात दिलास तवा का बोल्ला न्हाईस?"

"विचारायचंच विसरलो. चूक माझी आहे, मावशी. सगळी माझीच."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं माझ्याकडं नीट बघितलंसुद्धा नाही. टाक हातात धरून ती पायरीपाशी गेली आणि भावाच्या शेजारी टेकली.

"दादा, ऐकलंस न्हवं? चूक त्येची हाय, तुजी न्हाई. त्येनंच सांगितलं."

नाथाजीनं मान हलवली. पण ती भाच्याचा टाक पुढं करत होती, तो काही त्यानं हातात घेतला नाही.