अग्निशाळेतली मोटरसायकल

"गादी कशाची आहे?"

यज्ञेश्वरशास्त्र्यांनी हे विचारलं तेव्हा मोटरसायकलचं पुढचं चाक उंबऱ्यावर चढलं होतं आणि मागचं पायरीवर टाकलेल्या फळीवर अडलं होतं.

"रेक्झिनची, काका," रत्नाकर धापा टाकत म्हणाला.

"म्हणजे कातडं नव्हे?"

"नव्हे. कापडच असतं, वरून मुलामा."

शास्त्रीबुवांनी वाकून गादी न्याहाळली. हत्यारांच्या पिशवीचा पट्टा मात्र चामड्याचा निघाला. तो त्यांनी लांबूनच दाखवला आणि रत्नाकरनं पिशवी निमूटपणे बाहेर गल्लीत ठेवली. मग टाकीचं झाकण उघडायला लावून त्यांनी आत नाक घातलं. पेट्रोल केव्हाच काढलेलं होतं, टाकी दोन दिवस गच्चीवर उन्हात वाळवून आतून तेलाचा हात फिरवला होता. तरी शास्त्रीबुवा तीनदा हुंगून मगच बाजूला झाले.

"आण रे आत," मागून कालिंदीकाकू म्हणाल्या. "यांचं हुंगणं संध्याकाळपर्यंत चालेल. ऊब आहे तर आहे. आम्ही दोघंच किती शेकणार?"

दुर्गाघाटाच्या त्या गल्लीत तळमजल्यावरची कोरडी खोली एकच होती, ती म्हणजे शास्त्रीबुवांची अग्निशाळा. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवराबायकोनं मिळून तिथे अग्नी स्थापन केला होता आणि तो अठ्ठेचाळीस वर्षांत एकदाही विझला नव्हता. रत्नाकर भूगर्भ सर्वेक्षणात होता. कोटी कोटी वर्षांच्या गोष्टी तो चहा पिता पिता सांगे. पण त्या खोलीत शिरलं की अठ्ठेचाळीस हा आकडा त्याला पेलेना. तितक्या वर्षांत दोघांपैकी कुणी निवांत परगावी गेलेलं नव्हतं. सूर्योदयाला आहुती, सूर्यास्ताला आहुती, आणि मधे निखारा सांभाळायचा. हे ऐकलं की तो उगाच हळू आवाजात बोलू लागे.

त्याचा स्वतःचा प्रश्न साधा होता. दर मार्गशीर्षात त्याची नेमणूक विंध्याच्या डोंगरात तंबूत होई, ती शिवरात्रीपर्यंत. पाच वर्षं नंबर लावून मिळालेली जावा मोटरसायकल तेवढे महिने ठेवायची कुठे? त्याची भाड्याची खोली शास्त्रीबुवांच्याच घरात, पण दुसऱ्या मजल्यावर, जिना इतका अरुंद की सुटकेसही आडवी करून न्यावी लागे. गेल्या हिवाळ्यात, इथल्या बोलीत जाड्यात, गाडी गल्लीत ताडपत्रीखाली उभी होती. गंगेवरच्या दाट धुक्यानं तिची साखळी गंजली, माकडांनी गादी फाडली, उंदरांनी सायलेन्सरमध्ये संसार थाटला. मैदागिनचा मिस्त्री म्हणाला होता, "एक जाड़ा और ऐसे खड़ी रही, बाबूजी, तो कबाड़ समझिए." गाडी भंगारात जाणार हे ऐकून त्या दिवशी रत्नाकर जेवला नव्हता.

त्यानं गाडी कुंडांपासून लांबच्या कोपऱ्यात स्टँडवर लावली, चाकांखाली फळ्या घातल्या.

"आठवड्यातून एकदा मागचं चाक हातानं फिरवलंत तर बरं, काका. आणि ओल लागू देऊ नका, बस."

"नाही लागणार," शास्त्रीबुवा म्हणाले. "जाडा संपला की घेऊन जा."

शिवरात्र उलटून आठ दिवसांनी रत्नाकर परतला. पाठीवर बोचकं, हातात काकूंसाठी डोंगरातल्या मधाची बाटली. गल्लीत उन्हाळा लागलाच होता, लोकांच्या रजया गच्च्यांवर वाळत होत्या. संध्याकाळचे सहा वाजत आले होते. वर न जाता तो आधी अग्निशाळेच्या दाराशी गेला आणि तिथेच थबकला.

तिन्ही कुंडं रिकामी होती. स्वच्छ सारवलेली, राखेचा कणही नाही. कोपऱ्यात मोटरसायकलशेजारी मातीची एक बोरसी, शेकायची शेगडी, धगधगत होती आणि शास्त्रीबुवा पाटावर बसून मागचं चाक सावकाश फिरवत होते. चाकाची तार अन् तार लखलखत होती. नवी घेतली त्या दिवशीही गाडी अशी दिसली नव्हती.

"आलास," ते न वळता म्हणाले. "थांब, अकरा झालेत. एकवीस करतो."

रत्नाकर उभा राहिला. एकवीस फेरे झाले. शास्त्रीबुवांनी चाक हातानं थांबवलं, पंच्यानं धाव पुसली, बोरसीत एक गोवरी मोडून टाकली.

"काकू?"

"पौषात गेली. चार दिवसांचा ताप."

रत्नाकरला बाटली कुठे ठेवावी कळेना. त्यानं ती भिंतीशी ठेवली आणि जमिनीवर बसला. डोळे भरून आले ते त्यानं पुसले नाहीत.

"अग्नी दोघांचा असतो," शास्त्रीबुवा म्हणाले. "बायको गेली की त्याच अग्नीनं तिचं दहन करायचं. मग घरात ठेवायचा नाही. तो तिच्याबरोबर घाटावर गेला."

"आणि ही?"

"ही साधी आग. चुलीतली. घाटावरून आलो तर खोली गार पडलेली. मनात आलं, तुला तर शब्द देऊन बसलोय. मग लावली. सकाळी उगवतीला, संध्याकाळी मावळतीला. आठवड्यातून एकदा म्हणाला होतास तू, पण वेळ असतो. त्या वेळेला हात दुसरीकडे वळत नाहीत."

आपण सांगितलं होतं ते केवळ चाकाचं बेअरिंग गंजून अडकू नये म्हणून, हे रत्नाकरला आठवलं. या माणसानं त्याचा नेम केला होता. बायकोला पोचवून आलेल्या दिवशी, घरातला अठ्ठेचाळीस वर्षांचा उजेड संपल्यावर, भाडेकरूच्या एका यंत्रासाठी त्यानं पुन्हा काडी ओढली होती. तंबूतल्या मुक्कामात रत्नाकरनं पृथ्वीच्या पोटातले थर पाहिले होते. पण इतका थक्क तो तिथेही झाला नव्हता. त्यानं हात जोडले, कुणाला ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

"बिंदुमाधवची पुण्याहून तीन पत्रं आली," शास्त्रीबुवा म्हणाले. बिंदुमाधव त्यांचा एकुलता एक मुलगा. "एकटे राहू नका म्हणतो. तिसऱ्या मजल्यावर घर आहे त्याचं, नळाला गरम पाणी येतं. मी लिहिलं, लोकांची गाडी सांभाळायला आहे, जाडा आहे तोवर हलता येत नाही. तो म्हणाला, गाडी गेली की कळवा, न्यायला येतो."

"तुम्हाला जायचंय, काका?"

शास्त्रीबुवांनी पंच्याची घडी घातली, ती मोडली, पुन्हा घातली.

"कळवावं तर लागेल. खोटं लिहायची मला सवय नाही." मग म्हणाले, "नेतोस ना आज?"

रत्नाकर उठून गाडीजवळ गेला. रविवारी गाडीवरून सारनाथला जायचं त्यानं आठ दिवस मनाशी ठरवलं होतं. सदरा घामानं पाठीला चिकटला होता. त्यानं सायलेन्सरवरून बोट फिरवलं आणि ते बोट उजेडात धरलं. बोट कोरडं ठणठणीत होतं.

"ओल वाटते अजून," तो म्हणाला. "यंदा जाडा लांबलाय, काका."

शास्त्रीबुवा उठले. त्यांनी सायलेन्सरवर तळहात टेकला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"लांबलाय खरा," ते म्हणाले.