पेटीतला माईक

"माईक पिशवीत कोंबून आणलेस? कांदे आहेत का ते?" बसवनगुडीच्या हॉलमध्ये पाय ठेवताच रघुजींनी सुप्रीताला झापलं.

"टॉवेल आहे की आत, अण्णा," ती हसली.

"टॉवेल म्हणे!" येलहंक्याहून दीड तास बसमध्ये त्यांनी आपली माईकची पेटी मांडीवर धरली होती, शेजारच्याला धड खोकूही दिलं नव्हतं. इथल्या मराठी समाजाच्या कीर्तनाचं माईकचं काम तीस वर्षं त्यांच्याकडे. यंदा चिटणीस सुमंतांनी या पोरीलाही बोलावलं होतं. दोघांचे माईक ऐकून काम कुणाचं ते आज ठरणार होतं. ठरवायचंय काय डोंबल? हिच्या माईकांना पोचे, जाळीवर कुणाकुणाची थुंकी. गबाळी कुठली!

त्यांचा जर्मन माईक सात वर्षं पेटीबाहेर आला नव्हता; एरवी साध्या माईकवरच भागायचं, आज मात्र खास हाच आणला होता. ओल नको, धूळ नको. पेटीवर प्लास्टिक, त्यावर बायको कौशल्याच्या जुन्या साडीचा तुकडा. काल कौशल्या म्हणाली, "एकदा उघडून तरी बघा." "तुला काय कळतंय त्यातलं?" म्हणून त्यांनी तिलाही गप्प केलं होतं.

"अण्णा, उघडा आता. बुवा आलेत," सुमंत म्हणाले.

"बघ गं, माईक कसा ठेवतात ते. शिकून घे." रघुजींनी खटके उघडले.

आतला स्पंज वितळला होता. काळा चिकट लगदा जाळीतून थेट माईकच्या पोटात गेला होता. तरी त्यांनी तो जोडला. जराशी खरखर झाली, मग तीही नाही.

"जुना स्पंज असाच विरघळतो, अण्णा," सुप्रीता हळूच म्हणाली. "मधूनमधून बघून बदलावा लागतो."

तिचा राग येईना, हीच पंचाईत. सात वर्षं या गाढवानं माईक जपला नाही, पुरला! रघुजींना स्वतःचीच किळस आली.

सुमंतांनी मान फिरवली. "सरी, असू दे. सुप्रीता, तुझा लाव."

पोचे पडलेला माईक बुवांपुढे उभा राहिला आणि खणखणीत वाजला. रघुजी शेवटच्या रांगेत बसून शेवटपर्यंत ऐकत राहिले.

कीर्तन संपल्यावर सुप्रीता माईक पिशवीत टाकायला निघाली. रघुजींनी तो तिच्या हातातून घेतला, जाळी पुसली, साडीच्या तुकड्यात गुंडाळला आणि परत दिला.

"पण उघडत जा," ते म्हणाले.

परतीच्या बसमध्ये पेटी त्यांनी पायाशी ठेवली.